बुवा, तुम्ही जेवण करता?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. वाडीच्या सत्यनारायणाची महापूजा आणि रात्री डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी बुवांचा, जंगी सामना. कर्ली नदीच्या काठच्या आमच्या गावात हे दरवर्षीचंच. दोन बुवांपैकी कुणाची पार्टी कुणाकडे जेवणार हेही ठरलेलं असतं, आणि त्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. बुवा म्हणजे नुसते पेटी वाजवणारे नव्हेत. पोस्टरवर ज्यांचं नाव दिसलं की कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंतची पोरं मोटारसायकली काढून येतात, ज्यांच्या गजराचे व्हिडिओ चाकरमानी लोकलच्या गर्दीत कानाला लावून ऐकतात, अशांपैकी ते एक. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, गावही सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

पडवीत पंगत बसली होती. बुवा, त्यांचा पखवाजी, झांजवाला, कोरसची पाच-सहा पोरं, आणि बुवांना जवळून बघायला मिळावं म्हणून ‘वाढायला हातभार’ या नावाखाली आलेले वाडीतले सात-आठ पुरुष. पूजेचा दिवस, म्हणून काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, डाळ-भात, आगळाची सोलकढी. दुपारी तीनपासून मी, वहिनी, चुलती आणि शेजारच्या दोघीजणी चुलीपुढे होतो. मेचा उकाडा आणि त्यात वड्यांचं तेल. अंगावरची साडी पिळून काढावी अशी झाली होती. माझी नऊ वर्षांची लेक पंगतीत मीठ आणि लोणचं वाढत होती. बुवांच्या पानापुढे आली आणि मिठाचा चमचा तसाच हातात धरून तिनं विचारलं, “बुवा, तुम्ही घरी जेवण करता?”

बुवा हसले. “खंय गे बाय! घराक जेवाक गावता खंय? आज ह्या गावात बारी, उद्या त्या गावात.” पंगत हसली.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे ‘जेवण करणं’ म्हणजे रांधणं. आई जेवण करतेय म्हणजे ती चुलीकडे आहे, पानावर नाही. लेक पुण्यात वाढलेली, पण सगळ्या सुट्ट्या आजीकडे काढून हा शब्द तिनं उचललेला. बुवांनी तिची शहरी बोली ऐकली आणि अर्थही शहरी घेतला. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, “तसं नाही. जेवान कोण करता? तुमी करतास?”

पंगत पुन्हा हसली, या वेळी जास्त मोठ्यानं. बुवा मात्र हसले नाहीत. क्षणभर त्यांनी पानाकडे बघितलं, मग म्हणाले, “चाय करतंय मी. बरी करतंय,” आणि सोलकढीची वाटी उचलली. उचलताना त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या कडेला एक लांबट काळसर डाग मला दिसला. पेटीवर वर्षानुवर्षं बोटं फिरवून घट्टा पडला असेल, असं तेव्हा वाटलं. तोवर आमच्या एका काकांनी विषय उचलला होता. “आमी करतो मां वर्षातना एकदा! राखणेक ये, मगे दाखवतंय तुका जेवान कसा करतत ता!” आणि मग प्रत्येकानं आपापलं सांगायला सुरुवात केली. कुणाची सागुती, कुणाचा पोपटीचा मडका, कुणी मुंबईत असताना दहा जणांची बिर्याणी कशी उतरवली होती. पंगत उठेपर्यंत तोच विषय. बुवा मान हलवत ऐकत होते.

सामना पहाटे पाचला संपला. गजरात त्या रात्री बुवांनी एक चाल लावली, तिला लोकांनी तीन वेळा पुन्हा म्हणायला लावलं. मंडपातून येऊन मी चहाचं आधण ठेवलं, तर पखवाजी तांब्या घेऊन मागल्या दाराला पाणी मागायला आला. रात्रभर वाजवून त्याच्या तळहाताला शाई आणि कणकेचे कण चिकटले होते. तांब्या भरून झाला तरी तो जाईना. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, तुमच्या चेडवान बरोब्बर इचारल्यान. बुवा रोज सकाळी घरात भाकऱ्यो करतत. तीन वर्सां झाली. वैनीक उठाक येणा नाय. जेवान सगळा तेच करतत, बारी नसली काय दोनय वेळचा. आणि आता गजर ऐकलास तुमी, ती चाल खंय झाली म्हायती आसा? तव्याकडे. बाजूक मोबाईल ठेवतत, भाकरी परततत आणि गुणगुणतत.” 

“पण खंय बोला नको हां, ताई.”

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून जाईना. वर्षातून एकदा कोंबडा शिजवणारे आमचे काका पंगतीत उभं राहून सांगतात, आणि तीन वर्षं दोन्ही वेळचं रांधणारा माणूस नऊ वर्षांच्या पोरीपुढे “चाय करतंय” म्हणून वाटी तोंडाला लावतो. बोटावरचा तो डाग पेटीचा नव्हता हे मला तेव्हा कळलं. माझ्या हातावर असे चार आहेत.

राखणेचं जेवण मी कधी बघितलेलं नाही, बघायची सोय नाही. राखणदाराला कोंबडा द्यायला पुरुष मळ्याच्या टोकाला जातात, तिथेच तीन दगड मांडून शिजवतात, तिथेच जेवतात. बायकांनी जायचं नाही आणि उरलेलं घरी आणायचं नाही. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात काय चालतं ते मी लहानपणापासून बघत आलेय. खोबरं भाजायचं, कांदा भाजायचा, धणे, बडीशेप, खसखस, मिरी, सुक्या मिरच्या, सगळं पाट्यावर, आता मिक्सरवर, गंधासारखं वाटायचं आणि ते वाटप स्टीलच्या डब्यात भरून, वरून फडकं बांधून पुरुषांच्या हातात द्यायचं. तांदूळ निवडून. मीठ कागदाच्या पुडीत. काड्यापेटीसुद्धा आठवणीनं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष हात-तोंड लाल करून परततात आणि सांगतात, “आज जेवान आमी केला.” आई त्यावर एवढंच विचारायची, “डबो खंय?” तो डबा, वाटपाचा थर सुकून कडेला चिकटलेला, मग आम्ही घासायचो. मला त्यांच्या आनंदाचा राग येत नाही. मळ्यावरच्या धुराचा वास अंगाला लागून घरी येणारे बाबा किती खुश दिसायचे ते मला आठवतं. पण ‘आमी केला’ या दोन शब्दांत तो डबा कधीच नसायचा.

मोठ्या संगीतकारांच्या स्वयंपाकाच्या गोष्टी आपण किती आवडीनं सांगतो. मदनमोहन यांच्या भेंडी घातलेल्या मटणाची गोष्ट तर गाण्याच्या शौकिनांपैकी बहुतेकांनी ऐकलेली. मन्ना डे सांगायचे, की मदनमोहन यांचा फोन आला, मी भेंडी-मटण करतोय, ये. आणि तिकडे गेल्यावर जेवणाबरोबर एका अप्रतिम गाण्याची चाल पदरात पडली. आशाताईंनी तर मुलाखतींमधून उघड सांगितलं, की गाणं नसतं तर मी स्वयंपाक केला असता, आणि २००२ साली दुबईत आपल्या नावाचं हॉटेलही काढलं. मला या गोष्टी मनापासून आवडतात. कढई आणि पेटी एकाच घरात, एकाच हाताखाली, ही कल्पनाच सुखावणारी आहे. पण पखवाज्याचं ऐकल्यापासून मी त्या गोष्टी वेगळ्या कानानं ऐकायला लागले. सांगितलं जातं ते नेहमी मटण असतं, पाहुणा असतो, मैफल असते. मंगळवारची आमटी कुणी सांगत नाही. आमच्या बुवांच्या तव्यावर जे शिजतं त्यात पाहुणा कुणी नाही, आणि चाल मात्र तिथेही झालीच.

आमच्या घरातल्या पुरुषांना रांधता येत नव्हतं असं नाही. याचाच तर विचार मी वर्षभर करत होते. आजोबा लालबागला गिरणीत होते. गावाच्या खोलीत पंधरा-वीस जण, वळकट्या भिंतीला, पेट्या वर फळीवर, पाळीपाळीनं झोपायचं. महिनाभर खानावळीचं जेवण परवडेनासं झालं की खोलीतल्या खोलीत पाळ्या लावून रांधायचे. आईचे एक मामा बोटीवर ‘भंडारी’ होते. आमच्याकडे भंडारी ही जात, पण बोटीवर भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. तेवढ्यासाठी मामांना दोनदा खुलासा करावा लागायचा. बाबा एसटीत ड्रायव्हर. वस्तीची गाडी घेऊन गेले की कंडक्टर आणि ते मिळून डाळ-खिचडी टाकायचे, आणि बाबांच्या हातची खिचडी डेपोत नावाजलेली होती असं मी त्यांच्या मित्रांकडून ऐकलंय. दशावतारी मंडळी जत्रेला आली की दुपारी देवळामागे त्यांचं रांधप चालायचं. रात्री जो नऊवारी नेसून राणी व्हायचा, तो लुंगी गुंडाळून नारळ खवताना आम्ही पोरांनी बघितलेला आहे. म्हणजे उंबऱ्याबाहेर, बाई नसेल तिथे, कोकणातल्या पुरुषाच्या हाताला सगळं येत होतं. घरच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की तोच हात पाण्याचा तांब्या मागायचा.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांचंही मला यात राहून राहून आठवतं. त्यांच्या डाळ-भातावर हजारो चाकरमान्यांची पाळी निघायची, आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेईपर्यंत ते रांधणं हे काम आहे, धंदा आहे, असं कुणी धरलंच नव्हतं. रोजचं रांधणं दिसत नाही. बाई करते तेव्हा ते दिसत नाही, आणि पुरुष करतो तेव्हा तो ते दिसू देत नाही.

आजोबा १९८२ चा संप सुरू झाल्यावर गावी आले ते कायमचे. मी त्यांना ओळखते ते पडवीतल्या बाकड्यावर बसलेले. एकदा आजी तिच्या भावाकडे मयताला गेली होती, आई भातलावणीला. पाऊस कोसळत होता. आजोबा उठले, चूल पेटवली, बांगडे चिरले, खोबरं वाटलं, शेवटी तिरफळं ठेचून टाकली आणि झाकण घातलं. तिरफळाचा तो वास, पावसाच्या ओल्या वासात मिसळलेला, मला अजून ओळखू येतो. असं तिखलं मी नंतर खाल्लं नाही, हे मी आईच्या आणि आजीच्या हातांची माफी मागून लिहितेय. आम्हा भावंडांना वाढून झाल्यावर आजोबांनी भांडं स्वतः घासलं, राख पुन्हा सारखी केली आणि म्हणाले, “आजयेक सांगा नको.” आम्ही सांगितलं नाही. त्या वयात ती आम्हाला गंमत वाटली होती.

पाच वर्षांपूर्वी श्रावणात आई चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं पूर्वीचं राहिलं नाही. चुलीकडे उभं राहणं संपलं. भाऊ-वहिनी कुडाळला नोकरीला, मी पुण्यात. एक महिना मी राहिले, मग वहिनी, मग एक बाई ठेवली, ती दिवाळीला गेली ती आलीच नाही. आणि मग एक दिवस फोनवर आई म्हणाली, “आज पेज ह्येंनी केल्यानी.” तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते तेव्हा लाज वाटलं. आता इतकी खात्री नाही.

पेज हा काही पदार्थ नव्हे. पाहुण्याला पेज कुणी सांगत नाही, पेजेचा कुणी फोटो काढत नाही. उकडे तांदूळ, पाणी, मीठ. वालय, म्हणजे लाल तांदूळ, असली तर लालसर रंग येतो आणि वास येतो, बस्स. पण सकाळी दहाला मळ्यातून आलेल्या माणसाला तिच्याशिवाय चालत नाही, आजारी माणसाला तर नाहीच. बाबांनी सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ती घरात केली आणि ती बुडाला लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. तिसऱ्या दिवसापासून आईनं कॉटवरून ती करायला घेतली. कशी, ते मी नाताळच्या सुट्टीत गेले तेव्हा बघितलं.

कॉट माजघरात. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं. आईला तिथून चूल दिसत नाही. ती डोळे मिटून पडलेली असते आणि ऐकत असते. पाणी खळखळतं तोवर ती काही बोलत नाही. मग तांदूळ पडतात, आवाज एकदम बसतो, पुन्हा हळूहळू चढतो. शितं फुगायला लागली की खळखळ जाऊन तो जड होतो, बुडबुडा उशिरा फुटतो, आणि फुटताना ‘बद’ असा खालचा आवाज करतो. त्या क्षणी आई म्हणते, “आता ढवळा.” बाबा ढवळतात. थोड्या वेळानं, “आच कमी करा.” एकदा तर बाबा जागेवर नव्हते, गोठ्याकडे गेले होते, आणि ही तिथून ओरडली, “अहो, लागता हां ती!” मी धावत जाऊन बघितलं, खरंच लागायला आली होती. मला तर कसलाच आवाज बदललेला कळला नव्हता. बेचाळीस वर्षं ती त्या चुलीपुढे काय ऐकत होती, ते मी पहिल्यांदा ऐकलं. आता बाबांचाही कान तयार झालाय. ढवळायच्या वेळेला ते आईच्या आधी उठतात, आणि ती नुसती “हां” म्हणते.

पण फाटकाची कडी वाजली, की हे सगळं मोडायचं. मी डोळ्यांनी बघितलंय. बाबा हातातला डाव ठेवायचे, फडक्याला हात पुसायचे, पडवीत जाऊन पेपर उघडायचे. आणि आई, जिला उठायला दोन मिनिटं लागतात, ती काठी घेऊन उठायची, भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची आणि बाहेरच्याला ऐकू जाईल असं म्हणायची, “बसा हां, चाय ठेवतंय.” आलेला माणूस जाईपर्यंत ती तशीच दाराला टेकून. पेज बिचारी आत लागायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोघांवरही चिडले. बाबांना म्हटलं, तुम्ही करताय तर करा की उघड, आईला का उभं करता? बाबा काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, “तुका काय समाजता? लोक बिचारो म्हणतत त्येंका.”

आणि ते खरं होतं. शेजारची बाई मला विहिरीवर म्हणालीच होती, “बिचारो, ह्या वयात हातान करून खाता.” हातानं करून खाणं. हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर ऐकलाय, एकट्या पुरुषासाठी, विधुरासाठी, बायको माहेरी गेलेल्यासाठी. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की बाई करते तेव्हा ती कशानं करते? माझ्या आईला ताप असताना, हाताला पट्टी असताना, सुतक फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसलेली कितीतरी जणांनी बघितली. बिचारी कुणी म्हटलं नाही. रोज करणाऱ्या पुरुषाला मात्र कीव चिकटते, आणि ज्याच्या नावानं हजार माणसं मंडपात बसतात त्याला ती कीव कशी परवडणार? बुवा वाटी तोंडाला लावून गप्प बसले, ते भाकरीची लाज वाटली म्हणून नसावं. काकांच्या कोंबड्यावर टाळ्या पडल्या असत्या. त्यांच्या भाकरीवर पंगतीतून एक “च् च्” आलं असतं, आणि ते घरात पडून असलेल्या त्यांच्या बायकोपर्यंत जाऊन पोचलं असतं. आई दाराला टेकून उभी राहायची ती बाबांसाठी. बुवा गप्प राहिले ते कदाचित बायकोसाठी. हे कळल्यावर माझा राग कमी झाला, गेला मात्र नाही. एकमेकांना जपण्यासाठी दोघांनी मिळून खोटं बोलायचं, आणि तेही पेजेबद्दल, याचं मला वाईट वाटतं.

पखवाज्यानं बोलू नको म्हटलं होतं. मी एकाच माणसाशी बोलले. आषाढात गावी गेले होते, बाहेर नुसतं कोसळत होतं, बाबा चुलीपुढे पिढ्यावर बसून पेज ढवळत होते. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मला वाटलं आवडलं नसावं. मग म्हणाले, “तांदळाची भाकरी?” मी म्हटलं, असेल. “उकड काढून करतत, काय तशीच?” मी म्हटलं, मला काय माहीत. बाबांनी डाव टोपाच्या काठावर आपटला. “उकड काढल्याशिवाय कड फाटता,” ते म्हणाले, “माझी फाटता.” बाबा भाकरी करून बघतात हेही मला तेव्हाच कळलं.

या मे महिन्यात पुन्हा तेच बुवा आले. या वेळी जेवणाची पाळी दुसऱ्या घराची होती, पण मंडपाला सगळ्यात जवळचं घर आमचं, म्हणून सामना संपल्यावर बुवा आणि त्यांची पोरं तोंड धुवायला आमच्याकडे आली. उजाडायला लागलं होतं. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, रात्रभर जळलेल्या जनरेटरचा धूर अजून हवेत. पडवीत दहा-बारा माणसं, त्यात आमचे काका आणि वाडीतले तेच पुरुष. मी चहाचं बघायला आत वळले, तर बाबा फडक्यानं धरलेला लहान टोप घेऊन समोरून बाहेर येताना दिसले. आई कॉटवर बसलेली होती. उठलेली नव्हती. काठी भिंतीला.

बाबांनी टोप पडवीत पाटावर ठेवला, वाडग्यांतून पेज ओतली, बाजूला खाराच्या आंब्याच्या फोडी आणि भाजलेला सुका बांगडा. काका म्हणाले, “अरे, तू कित्याक धावपळ करतंस? पोरींका सांग.”

“पेज मीच केलंय,” बाबा म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. बुवांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला. रात्रभर गाऊन त्यांचा गळा बसलेला होता. एक घोट घेतला, तोंडात जरा धरला, गिळला. मग वाडग्यातच बघत, बसलेल्या आवाजात म्हणाले, “मीठ मागसून घातलास?”

“व्हय,” बाबा म्हणाले. “शीत फुटल्यार.”

“मी आदीच घालीत होतंय. मगे हिना सांगल्यान.” एवढं बोलून बुवांनी मान वर केली. काकांकडे बघितलं, पखवाज्याकडे बघितलं, आणि पुन्हा बाबांकडे वळले. “आणि भाकरीक पाणी किती घेतास तुमी? माझी उकड कधी सैल जाता, कधी घट.”

बाबा टोपाजवळच खाली बसले. तांदळाच्या एका वाटीला पाण्याची एक वाटी, पण जुना तांदूळ असला तर चार चमचे वर, असं ते बोटांवर मोजून सांगू लागले. बुवांनी मध्येच विचारलं, पीठ गिरणीतलं ताजं असलं तर? त्यावर बाबांना उत्तर नव्हतं, ते विचारात पडले. दोघांचेही आवाज बारीक झाले होते. बाकीची पडवी गप्प होती, पेज भुरकल्याचा आवाज तेवढा. लेक माझ्या कमरेला धरून उभी होती आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

आणि आतून आईचा आवाज आला. मोठा टोप अजून चुलीवर होता, उरलेल्या पोरांसाठी.

“अहो, लागता हां ती!”

बाबा उठले. आणि वाडगा खाली ठेवून, हात आपोआप फडक्याकडे गेल्यासारखा, बुवाही उठले.